रस्ता हीच त्याची कामाची जागा

(सफाई कामगारांच्या हजेरी चौकीवर ३१ वर्षं काढलेले, त्यातली १४ मुकादम म्हणून, आणि आता कामगार संघटनेत भरपाईच्या केसेस बघणारे आपले काका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.)

प्रश्न : काका, माझे मिस्टर ठेकेदाराकडे रस्ता सफाईचं काम करतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहाटे सव्वासहाला पूर्व द्रुतगती महामार्गावर, कांजूरमार्गच्या अलीकडे, दुभाजकालगतची माती काढताना मागून टेम्पोनं उडवलं. टेम्पो थांबला नाही. डाव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, आत रॉड घातलाय. त्यांचं वय ३५. पगार साडेसोळा हजार, बँकेत जमा होतो, चिठ्ठी कधी मिळाली नाही. हॉस्पिटलात ठेकेदाराच्या माणसानं औषधाला म्हणून दहा हजार दिले आणि एका कागदावर सही घेतली. आता तो म्हणतो, अपघात रस्त्यावर झाला, कारखान्यात नाही, तुमचा गाडीवाला शोधा. त्या दिवशी हजेरीत खाडा लावलाय. चार महिने होत आले. मी दोन घरची धुणीभांडी करते, त्यावर चाललंय. काय करू? — एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, आधी ठेकेदाराच्या त्या वाक्याचं बघू. मिस्टर त्या पहाटे महामार्गावर फिरायला गेले नव्हते. फावडं-घमेलं देऊन त्यांना तिथं उभं केलं होतं. गिरणीतल्या माणसाला साचाखातं, तसा तुमच्या मिस्टरांना तो दुभाजक. कायदा एवढंच विचारतो की अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला का. गाडी कुणाची होती, ती सापडली का, चूक कोणाची, हे त्यानंतरचे प्रश्न. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण तुमचा अपघात ऑगस्टमधला, म्हणून तुम्हाला जुनाच कायदा लागतो.

ठेकेदारानं हात वर केले तर? त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की ज्यानं आपलं नेहमीचं काम ठेक्यानं करून घेतलं, त्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. त्यानं नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी, ते त्यांचं ते बघतील. म्हणून कामगार न्यायालयातल्या अर्जात दोघांची नावं घालायची. एकट्या ठेकेदारावर केस टाकून वर्षभरानं त्याचं ऑफिसच बंद झालेलं मी बघितलंय.

आता त्या सहीच्या कागदाचं. घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल आहे, मग तो शंभराच्या स्टॅम्पवर असो की पाचशेच्या. आणि औषधपाण्याला दिलेले पैसे भरपाईतून वळते करता येत नाहीत. उलट उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकानं वेगळा द्यायचा असतो. औषधांच्या दुकानाच्या पावत्या, एक्स-रे, रिक्षाचे पैसे, सगळं एका पिशवीत घाला. रिक्षाचे पैसे मिळतील की नाही हा भाग वेगळा, पण तारखा जुळवायला तो कागद कामी येतो.

ताई, यापुढचं नीट वाचा, कारण माझ्या हातून एकदा इथंच चूक झाली आहे. मुकादम झाल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात माझ्या बिटावरच्या एका झाडूवाल्याला पहाटे जीपनं ठोकरलं. मी त्याला टॅक्सीत घालून हॉस्पिटलला नेलं. खिडकीवर विचारलं, काय झालं? वरच्या साहेबांनी मला बजावलं होतं, लफडं वाढवू नकोस. मी म्हणालो, पडला. डॉक्टरांनी केसपेपरवर तीन शब्द लिहिले, 'हिस्ट्री ऑफ फॉल', म्हणजे पडून लागलं. त्याची कंबर पुढं कधीच सरळ झाली नाही. त्याच्या बायकोनं भरपाई मागितली तेव्हा समोरच्या वकिलानं तोच केसपेपर वर धरला. आपल्या दारात घसरून पडलेला माणूस आणि महामार्गावर गाडीखाली आलेला माणूस यांच्यातला फरक त्या तीन शब्दांत पुसला गेला होता. तो कागद मी भरून दिला होता.

म्हणून आजच मिस्टरांचा पहिला केसपेपर काढून बघा. त्यावर 'रोड ट्रॅफिक ॲक्सिडेंट' किंवा 'आरटीए' लिहिलंय का? एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवलेल्या केसचा, नंबर आहे का? 'फॉल' लिहिलं असेल, आणि ठेकेदाराचा माणूस बरोबर होता म्हणता म्हणून मला तीच भीती आहे, तर मिस्टरांनी पोलिस ठाण्यात पुरवणी जबाब द्यावा : कामावर होतो, अमुक वेळ, अमुक ठिकाण, मागून टेम्पो, इतिहास सांगणारा मी नव्हतो, मी शुद्धीत नव्हतो. जे खरं आहे तेवढंच. गुन्हाच नोंदवला नसेल तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ठाण्यात घेतली नाही तर तोच कागद पोलिस उपायुक्तांना पोस्टानं पाठवा. निष्काळजीपणे गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत करणं ही भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ आणि १२५. हाड मोडलं की दुखापत गंभीरच धरतात, त्यावर वाद नाही.

खाड्याचं म्हणाल, तर हजेरी वही ठेकेदाराच्या हातात असते, त्यात तो काहीही लिहील. पण आजकाल सकाळी गँगचा फोटो काढून मुकादम ग्रुपवर टाकतो. त्या दिवशीचा फोटो मिस्टरांच्या किंवा सोबत्याच्या मोबाइलमध्ये असेलच. त्यावर वेळ असते. तो आज जपून ठेवा, फोन बदलला की गेला. बँकेच्या पासबुकात पगाराच्या ओळीत कंपनीचं नाव येतं, ती पानं झेरॉक्स करा. पीएफ कापत असतील तर खात्यावर मालकाचं नाव दिसतं. सोबत उभ्या असलेल्या दोघांचे जबाब घ्या. ते घाबरतील, कारण त्यांना त्याच ठेकेदाराकडे उद्या जायचंय. त्यांच्यावर रागावू नका. दोघांतला एक तरी बोलतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक, केस करण्याआधीच बघायचं. पगारातून ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, पैसे कापतात का? दरमहा एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागते आणि कामगाराचा वाटा पाऊण टक्का असतो, म्हणजे तुमच्याकडे साधारण सव्वाशे रुपये. कापत असतील तर रस्ता वेगळा : उपचार ईएसआयच्या दवाखान्यात, आणि पाय बरा होईपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम त्यांच्याकडून. मग १९२३ च्या कायद्याखाली मालकावर केस करता येत नाही. ही खात्री केल्याशिवाय वकिलाला पैसे देऊ नका.

ईएसआय नसेल असं धरून हिशेब मांडतो. पगार कितीही असला तरी या कायद्यात मोजायला दरमहा जास्तीत जास्त १५,००० धरतात. पाय बरा होईपर्यंत दर पंधरवड्याला पगाराचा पाव हिस्सा, म्हणजे ३,७५० रुपये. चार महिन्यांचे आठ पंधरवडे, ३०,००० रुपये झाले. हे आत्ताच देणं होतं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की पायात कायमचं अधूपण राहिलं, तर कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतात. कायद्यात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिलाय, वय ३५ चा १९७.०६. पगाराचे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले १९७.०६, झाले १७,७३,५४० रुपये. हे पूर्ण अपंगत्वाचे. समजा २० टक्के ताकद गेली असं ठरलं, तर ३,५४,७०८ रुपये. एका महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण रखडवलं तर वर निम्म्यापर्यंत दंड. ठेकेदार दहा हजारांत गप्प बसवत होता, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

कोर्टात ते म्हणतील, जॅकेट घातलं नव्हतं. मिस्टरांना विचारा, दिलं होतं का? मालकाला असा बचाव घेता येतो तो माणूस दारू प्यायला असेल किंवा सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्यानं मुद्दाम मोडला असेल, नाहीतर दिलेलं सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं असेल तरच. न दिलेलं जॅकेट न घालणं हा हुकूम मोडणं होत नाही.

टेम्पोचा शोध सोडू नका. दुकानांच्या, पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बहुधा केव्हाच पुसलं गेलं असेल, पण पोलिसांनी तेव्हा काही घेतलं होतं का ते लेखी विचारा. गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं दार उघडतं. तिथं पंधरा हजारांची मर्यादा नाही, वेदना, पुढचं बुडणारं उत्पन्न, सगळं मोजतात. पण ड्रायव्हरचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. आणि मुदत फक्त सहा महिन्यांची, म्हणजे तुमची फेब्रुवारीत संपते. कामगार न्यायालयाची मुदत दोन वर्षांची आहे. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार एकच दार निवडायचं. गाडी सापडलीच नाही तर पळून गेलेल्या वाहनासाठीची सरकारी योजना आहे, गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो. तो भरायच्या आधी वर सांगितलेला हिशेब वकिलाला दाखवा आणि कुठलं दार घ्यायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती आणि महिला यांना वकील मोफत मिळतो. मिस्टरांना नेणं जमत नसेल तर तुम्ही जा, पण त्यांच्या सहीचं पत्र घेऊन जा. कामगार न्यायालय वांद्रे पूर्वेला आहे. सकाळी लवकर पोचा, दुपारनंतर तिथं कागद पुढं सरकत नाहीत.

आणि ताई, मिस्टरांच्या पायाला फिजिओथेरपी चालू आहे का? भरपाईच्या धावपळीत तेवढं राहून जातं. बरेच दिवस घोटा हलवला नाही तर तो आखडतो, मग रॉड कितीही चांगला बसलेला असो.

प्रश्न : मी पश्चिम द्रुतगती महामार्गावर कांदिवली भागात एका गँगचा मुकादम आहे. नऊ माणसं आहेत. सगळ्यांना जॅकेटं दिली आहेत, मागं गाड्यांना इशारा म्हणून दोन ट्रॅफिक कोनही ठेवतो. तरी गेल्या महिन्यात एका बाईच्या कोपराला गाडीचा आरसा लागला. माझं काय चुकतंय? — एक मुकादम, कांदिवली

उत्तर : मुकादम, तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'मागं' आहे. किती मागं? मी तुमच्या जागी होतो तेव्हा मीही दहा पावलांवर कोन ठेवायचो, कारण परत आणायला जवळ पडायचा. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर येते. ड्रायव्हरला काहीतरी दिसणं, ते काय आहे ते कळणं आणि पाय ब्रेकवर पडणं यात दोन सेकंद जातात, तेवढ्यात ४४ मीटर गेले. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ५०-६० मीटर सहज. तुमचा कोन दहा मीटरवर असेल तर गाडी त्याच्यापाशी पोचल्यापासून तुमच्या माणसापर्यंत अर्धा सेकंदही उरत नाही. शंभर मीटरच्या आत सुरुवात करू नका, आणि पुलाच्या उतारावर किंवा वळणावर त्याहून मागं जा, कोन चढाच्या माथ्यावरून दिसला पाहिजे.

इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यावरच्या कामासाठी एसपी ५५ नावाची मार्गदर्शिका आहे. त्यात कामाच्या जागेचे चार भाग पाडलेत : आधी सूचना देणारा, मग गाड्यांना हळूहळू बाजूला वळवणारा, मग प्रत्यक्ष काम, मग परत मूळ लेनमध्ये सोडणारा. आपल्याकडे गँगला तिसराच भाग माहीत असतो. ठेक्याच्या कागदात ही मार्गदर्शिका लिहिलेली आहे का ते बघा. लिहिलेली असेल तर कोन, फलक, झेंडीवाला हे सगळं ठेकेदाराच्या बिलात धरलेलं असतं, मग ते मागायला लाजायचं कशाला?

जॅकेटची एक तपासणी आज रात्री करा. एका माणसाला जॅकेट घालून अंधाऱ्या गल्लीत तीस पावलांवर उभं करा. मोबाइलची बॅटरी डोळ्याच्या अगदी बाजूला धरून त्याच्यावर मारा. पट्टी पांढरी लखलखली तर जिवंत. राखाडी दिसली तर ती मेली. सोडा घालून, दगडावर आपटून वीस-तीस वेळा धुतल्यावर त्या पट्टीतलं काही शिल्लक राहत नाही, जॅकेट मात्र नवंच वाटतं. आणि तो पोपटी-केशरी रंग दिवसा उजेडात चमकतो, पहाटे साडेपाचला नाही. तेव्हा फक्त पट्टी काम करते, तीही गाडीचा दिवा पडला तर.

आता त्याच माणसाला झाडायला सांगा. वाकला की पाठीवरची पट्टी आभाळाकडे बघते. मागून येणाऱ्याला काय दिसतं? काळी पँट. म्हणून पोटऱ्यांना, घोट्यांना पट्टी हवी. पाय हलतात, हलणारी पट्टी ड्रायव्हरच्या डोळ्याला लगेच कळते, की हा माणूस आहे. खराट्याच्या दांड्याला आणि हातगाडीच्या मागच्या फळीलाही एकेक पट्टी चिकटवा.

बाईंचा कोपर ज्या बाजूला लागला, ती बाजू बघा. बहुतेक त्या गाड्यांकडे पाठ करून झाडत होत्या. मातीची रेघ गाड्यांच्या दिशेनं ओढत न्यायची सवय आपल्याला पडलेली असते, कारण वारा आणि धूळ त्याच दिशेला जातात. ती मोडा. येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून झाडायचं आणि हातगाडी आपल्या आणि गाड्यांच्या मध्ये उभी करायची. डंपर बरोबर असेल तर तो गँगच्या मागं, चारी इंडिकेटर लावून, पुढची चाकं गँगपासून बाहेरच्या बाजूला वळवून. मागून धडक बसली तर तो तुमच्या माणसांच्या अंगावर सरकू नये म्हणून.

आणि नऊ माणसांतलं एक माणूस फक्त बघायला. रेल्वेच्या ट्रॅकवर गँगमन काम करतात तेव्हा शिट्टी-झेंडी घेतलेला एक जण रुळाकडे पाठ कधी करत नाही. तो फावड्याला हात लावत नाही, चहा आणायला जात नाही. ठेकेदार म्हणेल, नऊतला एक रिकामा उभा राहणार? तुम्ही म्हणायचं, हो. आणि मुसळधार पावसात समोरची गाडी दिसत नसेल तर माणसांना दुभाजकावरून उतरवून पुलाखाली न्या. तेवढा अधिकार मुकादमाला असतो आणि तो वापरल्याबद्दल कुणी जाब विचारला तर मला पत्र टाका.

त्या बाईंच्या कोपराची नोंद केलीत का? खरचटलं असलं तरी वहीत तारीख, वेळ, जागा लिहा आणि दवाखान्यात दाखवा. आज सूज आहे, तीन महिन्यांनी हात वर जाईना झाला तर त्यांच्याजवळ काय असेल?

प्रश्न : मी टेम्पो चालवतो. नाव-गाव लिहीत नाही. आठ दिवसांपूर्वी पहाटे भाजीचा माल घेऊन जाताना सफाईवाल्याच्या हातगाडीला माझ्या गाडीचा कोपरा लागला. आरशात माणूस पडलेला दिसला. लोक जमतील, मारतील म्हणून मी थांबलो नाही. त्या दिवसापासून झोप नाही. आता गेलो तर जेलमध्ये टाकतील का? — एक ड्रायव्हर

उत्तर : दादा, पत्र लिहिलंत, म्हणजे तुम्हाला तो माणूस आठवतोय. म्हणून सरळ बोलतो.

जमावाची भीती कायद्यालाही ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की ड्रायव्हरनं जखमीला मदत मिळवून द्यायची, पण जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघता येतं. मात्र २४ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्यात कळवावं लागतं. ते तुम्ही केलं नाही. केस होईल, खोटं सांगणार नाही. एखादा वकील बरोबर घेऊन स्वतः जाणं आणि उद्या कॅमेऱ्यावरून गाडीचा नंबर निघून पोलिसांनी दारात येणं, यात कोर्ट फरक करतं.

आता त्या पडलेल्या माणसाच्या घरचं बघा. वर भांडुपच्या ताईंचं पत्र छापलंय, ते वाचा. गाडी सापडली नाही तर सरकारी योजनेतून मोडलेल्या हाडाचे ५०,००० मिळतात. गाडी सापडली, तिचा विमा आणि तुमचं लायसन्स चालू असलं, तर न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल ती विमा कंपनी भरते, तुमच्या खिशातून जात नाही. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला हा विमा सक्तीचा आहे, तो अशा माणसांसाठीच. त्या घरात किती पैसे पोचतील हे सध्या तुमच्या गप्प राहण्यावर अडलंय. आणि मी वर लिहिलं तसं, त्यांच्याकडे दावा लावायला सहाच महिने आहेत. त्यातले आठ दिवस गेले.

गाडीचा कोपरा दुरुस्त करून घेऊ नका, रंग लावू नका. आरसी, लायसन्स, विम्याची पॉलिसी आणि त्या पहाटेची मार्केटची गेटपावती असेल तर ती, एवढं बरोबर घ्या. ज्या रस्त्यावर धक्का लागला त्या हद्दीचं ठाणं कुठलं ते विचारून आज दुपारी तिथं जा. तो माणूस कुठल्या हॉस्पिटलात आहे ते ठाण्यात कळेल.